खलाचे मनुष्यत्व आणि दोषाचे स्थलांतर

१

जुन्या कथेतील खलपात्राला माणूस म्हणून उभे करणे ही आधुनिक काळाने साहित्याला दिलेली देणगी आहे, असे सामान्यतः समजले जाते. प्राचीन कथाकार शुभ्र आणि काळा असे दोनच रंग जाणत होता, मधल्या छटा विसाव्या शतकातील मानसशास्त्राने आणि समाजशास्त्राने दाखवून दिल्या, असा ह्या समजुतीचा आशय असतो. पाश्चात्त्य परीकथांच्या बाबतीत ग्रेगरी मग्वायर यांच्या १९९५ मधील ‘विकेड’ ह्या कादंबरीचे किंवा २०१४ मधील ‘मॅलेफिसन्ट’ ह्या चित्रपटाचे नाव ह्या संदर्भात घेतले जाते. एकीत चेटकिणीची, तर दुसऱ्यात शाप देणाऱ्या परीची बाजू मांडली आहे. मराठीत शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ (१९६७) आणि रणजित देसाईंची ‘राधेय’ (१९७३) ह्या कर्णचरित्रात्मक कादंबऱ्यांचा दाखला मिळतो. त्यांच्या मागोमाग दुर्योधन, रावण आदी प्रतिनायकांची कैवारी कथने मराठी ग्रंथव्यवहारात स्थिरावली आहेत.

ह्या समजुतीची तपासणी करण्यासाठी एखादे विशिष्ट स्थळ निवडून तेथे कथांचे कोणकोणते थर साचले आहेत हे पाहणे उपयुक्त ठरते. जबलपूर हे असे एक स्थळ आहे. शहरापासून भेडाघाटकडे जाणाऱ्या वाटेवर तेवर नावाचे गाव लागते. कलचुरी राजांची राजधानी त्रिपुरी ती हीच. कलचुरींच्या कोरीव लेखांचा साक्षेपी संग्रह महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी १९५५ मध्ये सिद्ध केला. तेव्हापासून तरी ही नगरी मराठी अभ्यासकाला परकी राहिलेली नाही. त्रिपुरीच्या नावाशी त्रिपुरासुराची कथा निगडित आहे; त्रिपुरीच्या राजसभेत रामकथेतील रावणाला विरही प्रियकर बनविणारा कवी वावरला आहे; आणि त्याच परिसरात पुढे राज्य करणाऱ्या गोंड राजाने रावणाचे कुल आपले म्हणून अभिमानाने मिरविले आहे. खलाच्या मनुष्यत्वाचा प्रश्न ह्या भूमीत हजार वर्षांहून अधिक काळ निरनिराळ्या रीतींनी विचारला गेला आहे. त्या रीतींतील भेद लक्षात घेतला, तर आजच्या पुनर्कथनांचे मूल्यमापन करण्यासाठी एक कसोटी हाती येण्याचा संभव आहे.

२

प्रथम त्रिपुरदाहाची कथा घ्यावी. तारकासुराच्या तीन पुत्रांनी सुवर्णाची, रौप्याची आणि लोहाची अशी तीन पुरे मिळविली व शिवाने ती एका बाणाने जाळली, हे तिचे सर्वपरिचित रूप होय. मत्स्यपुराणातील नर्मदामाहात्म्यात मात्र ही कथा वेगळे वळण घेते. तेथे त्रिपुराचा स्वामी बाणासुर आहे, आणि जळणाऱ्या पुराचे अवशेष ज्या स्थळी पडले त्यांत नर्मदेचा उगम असलेले अमरकंटक आहे. पुराणकाराला देवाचा विजय सांगावयाचा आहे, ह्याविषयी शंका नाही. तरीही पुराला आग लागल्यावर त्याची दृष्टी विजयी धनुर्धराकडे न राहता घराघरांत शिरते. झोपेत गाठलेल्या स्त्रिया, पतीला बिलगलेल्या स्त्रिया, पोटच्या मुलाला वाचवू पाहणाऱ्या माता ह्यांचे वर्णन तो करू लागतो. ह्या स्त्रियांपैकी काही अग्नीलाच जाब विचारतात: पुरुषांनी अपराध केला असेल, तर घरात कोंडलेल्या आम्ही तुझे काय बिघडविले? अग्नी जे उत्तर देतो, ते अधिकच लक्षणीय आहे. आपण स्वतंत्र नाही, आपल्याला आज्ञा झाली आहे, अनुग्रह करणे आपल्या हाती नाही, अशा आशयाचे ते उत्तर आहे. बाणासुर स्वतः शिवलिंग मस्तकावर घेऊन, शिवाची स्तुती करीत नगराबाहेर पडतो आणि त्याला अभय मिळते.

ह्या प्रसंगात कोणाचीही निर्दोषता सिद्ध केलेली नाही. असुरांनी लोकांना पीडा दिली हे कथेने नाकारलेले नाही, आणि पुर जळू नये असेही कथा म्हणत नाही. जळणारे नगर हे माणसांचे नगर आहे एवढेच ती दाखविते. पण तेवढ्याने दंडाची सगळी रंगत पालटून जाते. स्त्रियांच्या प्रश्नाला अग्नीजवळ खरे उत्तर नाही, आणि कथेनेही ते पुरविलेले नाही. शत्रूच्या घरात डोकावण्याचे हे धैर्य एका धर्मपर पुराणग्रंथाने दाखविले आहे, हे ध्यानात ठेवले म्हणजे प्राचीनांची दृष्टी दोनरंगी होती, हे विधान सहजासहजी करवणार नाही.

३

राजशेखराचा काळ इसवी सनाच्या नवव्या शतकाचा अखेरचा व दहाव्याचा आरंभीचा. तो यायावर कुळातील. त्याचा पणजा अकालजलद हा महाराष्ट्राचा चूडामणी होता, असे तो स्वतःच अभिमानाने नमूद करतो. कनौजच्या प्रतिहार राजसभेत मानमान्यता मिळविल्यानंतर तो त्रिपुरीच्या युवराजदेवाच्या आश्रयाला होता, आणि त्याची ‘विद्धशालभञ्जिका’ ही नाटिका त्या सभेसाठी रचलेली आहे. महाराष्ट्रीय वंशाच्या ह्या कवीने कनौजकाळात रचलेले ‘बालरामायण’ हे दहा अंकांचे, सातशेंहून अधिक श्लोकांचे नाटक आज सहसा कोणी वाचत नाही. पाल्हाळाचा दोष त्याला लावला जातो, आणि तो खोटाही नाही. तथापि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्याच्याइतके बोधप्रद नाटक संस्कृतात क्वचितच आढळेल.

नाटकाचा पहिला अंक ‘प्रतिज्ञापौलस्त्य’ ह्या नावाचा आहे. रावण स्वतः मिथिलेला येतो. सीतेची अभिलाषा त्याला तेथे खेचून आणते. तिसऱ्या अंकात त्याच्यासमोर सीतास्वयंवराचा नाट्यप्रयोग केला जातो. रंगभूमीवरील राम धनुष्य उचलू लागताच रावण संतापाने उठतो, आणि हे नाटक आहे, खरे नव्हे, असे त्याला समजवावे लागते. ‘उन्मत्तदशानन’ नावाच्या पाचव्या अंकात तर त्याचा मंत्री माल्यवान हा सीतेची यंत्रपुतळी करवून त्याच्यापुढे ठेवतो. पुतळीच्या मुखात बोलका पक्षी ठेवलेला आहे. रावण क्षणभर फसतो, स्पर्श करताच भानावर येतो, आणि मग विक्रमोर्वशीयातील पुरूरव्याप्रमाणे वनातील वस्तूंना आपल्या प्रियेची वार्ता विचारीत भटकतो. दशमुख, त्रैलोक्यपीडक, ऋषींचा कर्दनकाळ अशा रावणाला राजशेखराने कालिदासाच्या नायकाची वस्त्रे चढविली आहेत.

संस्कृत साहित्यशास्त्र ह्या प्रयोगाकडे कोणत्या दृष्टीने पाहील, हे सांगणे कठीण नाही. रावणाची सीतेविषयीची रती ही एकांगी आणि अनुचित. म्हणून तेथे शृंगार नसून शृंगाराभास आहे, आणि आभासाची परिणती हास्यात होते, असे अभिनवगुप्ताचे प्रतिपादन आहे. हा निर्णय मान्य केला, तर पाचवा अंक हा हसण्याचा अंक ठरतो. परंतु नाटक वाचताना वाचकाची अवस्था इतकी सरळ राहत नाही. पुतळीला मिठी मारू पाहणाऱ्या राजाचे हसू येते हे खरे; पण पुतळी लाकडाची आहे हे कळल्यानंतरही ज्याची व्यथा ओसरत नाही, त्याला हसण्याचा अधिकार कितपत उरतो, असा संदेह मनात उभा राहतो. आभास आणि रस ह्यांमधील रेषा येथे थरथरते. राजशेखराला ती जाणीवपूर्वक पुसावयाची होती, असे म्हणण्यास पुरेसा आधार नाही. आपण वाल्मीकी, भर्तृमेण्ठ आणि भवभूती ह्यांचा अवतार आहोत असे सांगणाऱ्या ह्या कवीला बहुधा आपले पांडित्य आणि कल्पनाचातुर्य दाखवावयाचे होते. पण कवीच्या हेतूपेक्षा कृती पुष्कळदा उदार असते, आणि त्या औदार्याने रावणाला ह्या अंकात माणसाचे दुःख मिळाले आहे.

४

‘बालरामायणा’चा सहावा अंक ह्याच्या अगदी उलट दिशेने जातो. त्याचे नाव ‘निर्दोषदशरथ’ असे आहे, आणि ते नाव फार सूचक आहे. रामाला वनात धाडणारी कैकेयी ही खरी कैकेयी नव्हेच. ती वेषांतर केलेली शूर्पणखा होती, आणि दशरथाचे रूप मायामय नावाच्या राक्षसाने घेतले होते, असे कवीने कल्पिले आहे. अशा रीतीने राजा आणि राणी दोघेही दोषमुक्त झाली.

ही युक्ती राजशेखराची एकट्याची नाही. विदर्भातील पद्मपुराच्या भवभूतीने ‘महावीरचरिता’त तिचा पाया घातला होता. तेथे शूर्पणखा मंथरेच्या देहात शिरून रामापुढे कैकेयीची मागणी ठेवते. त्याच नाटकात वाली हा माल्यवानाच्या चिथावणीने रामाशी उघड लढावयास येतो, त्यामुळे आडून बाण मारल्याचा कलंकही रामाला लागत नाही. ‘दशरूपक’कार धनंजयाने ह्या पद्धतीला शास्त्राची अनुमती दिली आहे: नायकाला न शोभणारे किंवा रसाला विरोधी असे जे असेल ते गाळावे, अथवा अन्य प्रकारे कल्पावे. आनंदवर्धनानेही इतिवृत्ताचे केवळ निर्वहण हे कवीचे प्रयोजन नव्हे, हे त्याआधीच बजावले होते. तेव्हा कथा बदलण्याच्या कवीच्या हक्काबद्दल वाद नाही. त्या बदलाने काय साधले आणि त्याची किंमत कोणी मोजली, हा खरा प्रश्न आहे.

कैकेयी ही रामकथेतील सर्वांत मानवी व्यक्तींपैकी एक आहे. रामाच्या अभिषेकाची वार्ता ऐकून ती प्रथम आनंदाने मंथरेला अलंकार देते. मग हळूहळू तिच्या मनात भय शिरते, भयाचे संशयात व संशयाचे हट्टात रूपांतर होते. वाल्मीकीने रंगविलेला हा मनाचा प्रवास म्हणजे एका चांगल्या स्त्रीच्या हातून घोर अन्याय कसा घडतो, ह्याचा इतिहास आहे. ती शूर्पणखा होती असे ठरविताच हा सारा प्रवास पुसला जातो. कैकेयी निर्दोष झाली, पण तिच्याजवळ सांगण्यासारखे काही उरले नाही. तिचा दोष घेऊन कवीने तिचे मनुष्यत्वही घेतले.

दुसरे असे की, दोष नाहीसा झालेला नाही. त्याने केवळ स्थलांतर केले आहे. अयोध्येच्या अंतःपुरातून तो उचलला गेला आणि दंडकारण्यातील राक्षसीच्या पदरात टाकला गेला. शूर्पणखेने पंचवटीत जे केले, त्याची शिक्षा तिला मूळ कथेतच मिळाली आहे. अयोध्येत न केलेल्या कृत्याचे ओझे हे वरचे. आपल्या घरातील दोष परक्याच्या घरी नेऊन ठेवण्याची ही रीत खलाला माणूस करीत नाही. ती एका खलाला सोडवून दुसऱ्याचे खलत्व दुप्पट करते.

परीकथांच्या इतिहासात ह्याचे आश्चर्यकारक साम्य आढळते. ग्रिम बंधूंनी १८१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पहिल्या संग्रहात हिमगौरीचा मत्सर करणारी राणी ही तिची सख्खी आई होती; १८१९ च्या आवृत्तीत ती सावत्र आई झाली. हॅन्सेल आणि ग्रेटेल ह्यांना रानात सोडून येण्याचा आग्रह धरणारी आईही पुढे १८४० च्या आवृत्तीत सावत्र झाली. मातृत्वाची प्रतिमा मलिन होऊ नये, हा हेतू स्पष्ट आहे. मातेचा दोष सावत्र मातेच्या माथी गेला; आणि उपासमारीने किंवा मत्सराने आईचे मन कसे कठोर होते, हा खरा भयानक प्रश्न कथेतून नाहीसा झाला. त्रिपुरीचा कवी आणि जर्मनीतील संग्राहक ह्यांत नऊशे वर्षांचे अंतर आहे. पण दोघांचे समाधान एकाच जातीचे आहे.

आजची पुनर्कथने ह्यापासून मुक्त आहेत काय? ‘मॅलेफिसन्ट’मध्ये शाप देणाऱ्या परीचा कैवार घेताना तिचे पंख कापणारा राजा स्टीफन हा नवा खल निर्माण करावा लागला. ‘विकेड’मध्ये चेटकिणीच्या मुक्ततेसाठी जादूगाराला अत्याचारी सत्ताधीश व्हावे लागले. खुर्ची तीच आहे. तिच्यावर बसणारा बदलला आहे. ह्या कृतींचे अन्य गुण मान्य करूनही खलाविषयीची दृष्टी त्यांनी बदलली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. त्यांनी खलाचा पत्ता बदलला आहे.

५

निर्दोष ठरविण्याचा आणखी एक प्रकार भासाच्या नावावर असलेल्या ‘प्रतिमा’ नाटकात सापडतो. १९१२ पासून त. गणपतिशास्त्री यांनी त्रिवेंद्रमहून ही नाटके प्रकाशात आणली. त्यांच्या कर्तृत्वाचा वाद येथे प्रस्तुत नाही. ‘प्रतिमे’तील कैकेयी सांगते की, पुत्रशोकाने मरशील हा ऋषीचा शाप दशरथाला होताच, तो खरा व्हावा म्हणून आपण रामाचा वनवास मागितला, आणि चौदा दिवस म्हणावयाचे असता क्षुब्ध मनामुळे तोंडून चौदा वर्षे निघून गेले. येथे दोष दुसऱ्याच्या माथी गेला नाही, हे खरे. परंतु तो जिभेच्या चुकीत विरघळला. भरत आईला क्षमा करतो, पण क्षमा करण्यासारखे काही शिल्लकच ठेवलेले नाही. ज्या क्षमेला अपराधाचे मोल द्यावे लागत नाही, ती नाट्यदृष्ट्या हलकी ठरते.

त्याच नाटककाराच्या नावावरील ‘ऊरुभङ्ग’ मात्र ह्या संपूर्ण परंपरेत एकाकी उंचीवर उभे आहे. मांड्या मोडून पडलेला दुर्योधन रणभूमीवर सरपटत येतो. त्याचा लहान मुलगा दुर्जय सवयीने पित्याच्या मांडीवर बसावयास धावतो, आणि पित्याला त्याला अडवावे लागते. एवढ्या एका प्रसंगात नाटककाराने खलाला पिता केले आहे. परंतु नाटकाचे खरे सामर्थ्य ह्याच्या पुढे आहे. अश्वत्थामा सूडाची भाषा बोलू लागतो, तेव्हा दुर्योधन त्याला थोपवितो. द्यूतसभेत द्रौपदीला केस धरून ओढले, बालक अभिमन्यूला रणात मारले, कपटाच्या फाशांनी पांडवांना वनात धाडले. त्या मानाने त्यांनी आपले फारसे काही केले नाही, असा हिशेब तो स्वतःच्या तोंडाने मांडतो. मुलाला तो सांगतो की, पांडवांची आपल्याप्रमाणेच सेवा कर.

येथे दुर्योधनाचा एकही अपराध वजा केलेला नाही. त्याने स्वतः ते मोजून दाखविले आहेत. आणि ज्या क्षणी तो ते मोजतो, त्याच क्षणी तो प्रेक्षकांच्या बरोबरीचा माणूस होतो. मायेचे कारस्थान, जिभेची चूक, शापाची सक्ती ह्यांपैकी कशाचाही आधार नाटककाराने घेतला नाही. जबाबदारी घेण्याची क्षमता हे मनुष्यत्वाचे लक्षण आहे, आणि ती ज्याला नाकारली जाते तो निर्दोष झाला तरी पुरता माणूस होत नाही, हा ‘ऊरुभङ्गा’चा निष्कर्ष म्हणता येईल.

६

ह्या निष्कर्षाच्या उजेडात मराठीतील कर्णकथांकडे पाहणे उचित ठरेल. वि. वा. शिरवाडकरांच्या ‘कौंतेय’ (१९५३) पासून ‘मृत्युंजय’ व ‘राधेय’पर्यंत कर्णाचे जे मराठी रूप घडत गेले, त्याने वाचकांच्या दोन-तीन पिढ्यांना हलविले आहे. ‘मृत्युंजय’मध्ये कर्णाबरोबर कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण हेही आपापल्या मुखाने बोलतात, ह्या योजनेमुळे एकाच जीवनाला अनेक साक्षी लाभतात. जन्माने हिरावून घेतलेली प्रतिष्ठा मागणाऱ्या माणसाचे दुःख ह्या कादंबरीने मराठी घराघरांत पोचविले, हे तिचे ऋण नाकारण्याचे कारण नाही.

परंतु अपमानांची साखळी जितकी लांबत जाते, तितका कर्णाच्या कृत्यांचा भार हलका होत जातो, हेही दृष्टीआड करता येत नाही. द्यूतसभेतील त्याचे शब्द महाभारतात अत्यंत कठोर आहेत; द्रौपदीची वस्त्रे काढून घ्यावीत असे सांगणारा तोच आहे. त्या शब्दांचे कारण स्वयंवरातील अवहेलनेत शोधले, की ते प्रतिक्रिया ठरतात. आणि प्रतिक्रियेला कर्ता नसतो. गंमत अशी की, व्यासांनी स्वतः कर्णाला ह्या प्रसंगाचा पश्चात्ताप दिला आहे. उद्योगपर्वात कृष्णाशी बोलताना दुर्योधनाच्या संतोषासाठी आपण पांडवांना जी कटू वचने बोललो, त्यांनी आज मन पोळते आहे, असे तो सांगतो. ज्याचा दोष कथाकाराने आधीच धुऊन काढला आहे, त्याच्या तोंडी हा पश्चात्ताप शोभत नाही. इरावती कर्व्यांनी ‘युगान्त’मध्ये (१९६७) कर्णाला सवलत देण्याचे नाकारले, तेव्हा पुष्कळ वाचकांना ते निष्ठुरपणाचे वाटले. प्रत्यक्षात सवलत नाकारण्यात एक प्रकारचा आदर आहे. कर्णाला त्याच्या निवडींचा धनी मानावे, एवढेच त्यांचे मागणे होते.

अन्य भाषांतील उदाहरणेही ह्याच दिशेने बोलतात. मायकेल मधुसूदन दत्तांच्या ‘मेघनादवध काव्या’त (१८६१) रावण पुत्रशोकाने मोडलेला राजा म्हणून उभा राहतो, पण त्या शोकामागे त्याचेच कृत्य आहे ही जाण काव्याने पुसलेली नाही. मैथिलीशरण गुप्तांच्या ‘साकेत’मधील कैकेयी चित्रकूटावर भर सभेत आपला अपराध स्वतःच्या मुखाने उच्चारते, ती शूर्पणखेच्या आड लपत नाही, आणि म्हणूनच हिंदी वाचकाच्या स्मरणात राहते. कुवेंपूंनी ‘श्रीरामायण दर्शनम्’ (१९४९) ह्या महाकाव्यात रावणाच्याही अंतःकरणात परिवर्तनाची वाट उघडी ठेवली. ह्या तिन्ही कवींनी सहानुभूती आणि न्याय ह्यांना एकमेकांचे वैरी मानले नाही.

७

आतापर्यंत पाहिलेल्या सर्व कथांत खलाविषयी बोलणारा कोणीतरी दुसराच आहे. जबलपूरच्या परिसरात ह्याहून वेगळी गोष्ट घडली आहे. गढा हे आज शहरातच सामावलेले स्थान एके काळी गोंड राज्याची राजधानी होते. सोळाव्या शतकातील तेथील राजा संग्रामशाह ह्याने आपल्या नाण्यांवर स्वतःला पुलस्त्यवंशी म्हणविले आहे. पुलस्त्य हा रावणाचा पितामह. सूर्यवंश, चंद्रवंश ह्यांची निवड करण्याची मोकळीक बहुतेक राजवंशांनी घेतली असता ह्या राजाने रावणाच्या कुळाशी नाते सांगावे, हे लहानसहान घटित नव्हे. राजशेखराने ‘पौलस्त्य’ हा शब्द प्रतिनायकासाठी योजला होता. सुमारे सहाशे वर्षांनी तोच शब्द ह्या भूमीत राजाचा गौरव म्हणून सोन्यावर उमटला.

शेजारच्या मंडला जिल्ह्यातील अगरिया ह्या लोखंड गाळणाऱ्या जमातीचा अभ्यास व्हेरिअर एल्विन यांनी केला; त्यांचा ग्रंथ १९४२ मध्ये आणि ‘महाकोशलच्या लोककथा’ हा इंग्रजी संग्रह १९४४ मध्ये प्रसिद्ध झाला. अगरियांचे देव म्हणजे भट्टीतील लोहासुर, कोळशातील कोयलासुर आणि अग्नीतील अग्यासुर. पुराणांत जो शब्द वधाला पात्र असलेल्यांसाठी येतो, तोच येथे रोजच्या कष्टांना फळ देणाऱ्या दैवताचे नाव आहे. त्रिपुरातील लोहाचे पुर आणि अगरियांची लोखंडाची भट्टी ह्यांत ऐतिहासिक संबंध जोडण्याचे कारण नाही. परंतु एकाच नर्मदाखोऱ्यात असुराचे पुर जळाल्याचा उत्सव आणि असुराला नैवेद्य ही दोन्ही शतकानुशतके नांदत आली, ही वस्तुस्थिती समीक्षेला पुष्कळ काही शिकविणारी आहे. अगरियाला असुराचे मानवीकरण करावे लागत नाही. तो त्याच्या घरचाच आहे.

ह्या पार्श्वभूमीवर ‘निर्दोषदशरथ’ अंकातील व्यवहार केवळ नाट्यतंत्राचा राहत नाही. अंतःपुराचा दोष अरण्याकडे पाठविताना अरण्यात कोणी माणसे राहतात, आणि त्यांपैकी काही स्वतःला त्याच वंशाची म्हणवितात, ह्याची दखल कवीला घ्यावीशी वाटली नाही. आजच्या मराठी पुनर्कथनांचीही निवड ह्या दृष्टीने तपासण्याजोगी आहे. त्यांनी सर्वाधिक प्रेम ज्याच्यावर केले तो कर्ण लपलेला क्षत्रिय आहे. रावण पंडित आणि शिवभक्त आहे. दुर्योधन राजपुत्र आहे. शूर्पणखा आणि ताटका ह्यांच्याकडे वळणारी लेखणी त्या मानाने विरळा. मनुष्यत्व हे कुलीन खलांना मिळणारे मानपत्र होऊन बसले, तर खलाविषयीच्या सहानुभूतीतही जुनीच उतरंड कायम राहील.

८

जबलपूरचेच रहिवासी असलेले हिंदी व्यंग्यकार हरिशंकर परसाई यांनी ह्या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे, हे दाखवून दिले. ‘रानी नागफनी की कहानी’ ह्या कृतीत त्यांनी राजपुत्र-राजकन्येच्या जुन्या कथेचा साचा घेतला, पण खलाला उंच न करता नायकांनाच जमिनीवर उतरविले. परीक्षेत नापास होणारा राजपुत्र अस्तभान आणि प्रेमभंगाच्या तोऱ्यात वावरणारी नागफनी ह्यांच्या जगात वेगळ्या राक्षसाची गरजच भासत नाही. स्वार्थ, ढोंग आणि लाचारी ही सर्वांत वाटली गेली आहेत. खल माणसासारखा आहे, असे म्हणण्यापेक्षा माणूस किती सहज खल होतो, असे म्हणणे परसाईंना अधिक प्रामाणिक वाटले असावे.

मराठी आजीच्या चिमणी-कावळ्याच्या गोष्टीकडे ह्या दृष्टीने पाहिले, तर तिचेही मर्म उलगडते. शेणाचे घर पावसात वाहून गेलेला कावळा दाराशी उभा आहे, आणि मेणाच्या घरातील चिमणी बाळाच्या न्हाण्यामाखण्याची कारणे सांगत दार उघडीत नाही. शेवट घरोघर वेगळा. कुठे कावळ्याला अद्दल घडते, कुठे तो चिमणीला अद्दल घडवितो. पण पावसात ताटकळणाऱ्या कावळ्याविषयी ऐकणाऱ्या मुलाच्या मनात जी कालवाकालव होते, ती कोणत्याही शेवटाने पुरती मिटत नाही. कावळा लबाड नाही असे आजी सांगत नाही. तो भिजतो आहे, एवढेच ती सांगते. मत्स्यपुराणातील जळणाऱ्या स्त्रिया, ‘ऊरुभङ्गा’तील पित्याकडे धावणारे मूल आणि दाराबाहेरचा कावळा ह्यांमध्ये एकच कथाधर्म काम करतो.

तेव्हा खलाला माणूस करणाऱ्या पुनर्कथनाला दोन प्रश्न विचारणे न्याय्य ठरेल. त्याने खलाचे कृत्य त्याच्याजवळ राहू दिले आहे काय? आणि ते काढून घेतले असेल, तर ते कोणाच्या दारी नेऊन ठेवले? पहिल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी असेल, तर दुसरा विचारावा लागत नाही. नकारार्थी असेल, तर ज्याच्या माथी तो दोष गेला त्याचीही एक कथा आहे, आणि ती सांगण्याचे काम पुढच्या लेखकासाठी शिल्लक राहिले आहे, असे समजावे.